अटलांटिक ओलांडताना

भूगोलाच्या तासाला सर जगाचा कोरा नकाशा वाटायचे, आठवतंय ना? त्यावरचा अटलांटिक निळ्या पेन्सिलीने रंगवताना कुणाला वाटलं होतं की आपल्या १९७४ च्या अकरावीच्या वर्गातले इतके जण पुढे तो वरचेवर ओलांडतील! आज कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाची लेक बोस्टनला. मीही त्या वाटेचा प्रवासी. म्हणून या वाटेचा थोडा इतिहास.

कुठेही न थांबता हा महासागर विमानाने पहिल्यांदा ओलांडला जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राउन यांनी, १४-१५ जून १९१९ ला. न्यूफाउंडलंड ते आयर्लंड, सुमारे सोळा तास, उघड्या कॉकपिटमध्ये गारठत. हिरवं कुरण समजून जिथे उतरले, ती दलदल निघाली आणि विमानाचं नाक चिखलात रुतलं. १९२७ साली लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा गेला. साडेतेहतीस तास, बसायला वेताची खुर्ची, सोबत पाच सँडविच. त्याची खरी लढाई झोपेशी होती.

प्रवाशांची नियमित सेवा सुरू झाली १९३९ मध्ये, पॅन अ‍ॅमच्या पाण्यावर उतरणाऱ्या 'बोइंग ३१४' विमानांनी. आत जेवणाचं दालन, झोपायला बर्थ. एका बाजूचं भाडं ३७५ डॉलर, म्हणजे फक्त धनिकांचं काम.

मग आलं १९५८, आपल्यापैकी बहुतेकांचं जन्मसाल. त्या ऑक्टोबरात लंडन-न्यूयॉर्क मार्गावर जेट विमानं सुरू झाली आणि त्याच वर्षी अटलांटिकवर 'इकॉनॉमी' वर्ग आला. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला फक्त सँडविच द्यायचं, असं विमान कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं. स्कँडिनेव्हियन कंपनीने पावावर असे काही थर रचले की पॅन अ‍ॅमने तक्रार केली, आणि सँडविच म्हणजे नेमकं काय यावर मोठी माणसं बैठकीत भांडली! दोनच वर्षांनी, मे १९६० मध्ये, एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. तिकीट हळूहळू आपल्या आवाक्यात आलं ते त्या अरुंद खुर्चीमुळेच, हे मला मान्य आहे. पण त्या खुर्चीची किंमत पायांनी मोजावी लागते, हे मला उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी मी हट्टाने खिडकीची जागा घेतली. शेजारच्या दोघांना उठवायचा संकोच, म्हणून पाणीही बेतानेच प्यायलो. मुलीकडे पोचल्यावर चौथ्या दिवशी डावी पोटरी सुजली. मी तेल चोळत बसलो आणि आपल्या ग्रुपवर सहज लिहिलं. भारतात रात्रीचे दोन वाजलेले, तरी आपल्या वर्गातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "चोळू नकोस मूर्खा, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा!" शिरेत गुठळी होती. ती फुप्फुसात गेली असती तर हा लेख दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता, आणि तोही माझ्यावर.

बरं होताना मी वाचत गेलो. हा आजार विमानाच्याही आधीचा. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक आसऱ्याच्या जागी रात्ररात्र आरामखुर्च्यांत बसून राहायचे. त्यांतले काही गुठळीने दगावतात, हे कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी तेव्हाच नोंदवलं होतं. २००१ साली पन्नाशीपुढच्या विमान प्रवाशांची पाहणी झाली. साध्या मोज्यांत गेलेल्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास लोकांच्या पायांत त्यांच्या नकळत गुठळ्या सापडल्या. पोटरी आवळणारे लांब मोजे घातलेल्यांत एकही नाही. त्यातून विमानातली हवा अगदी कोरडी, आणि दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा. आपलं कळसूबाई पाच हजार चारशे फूट. म्हणजे आठ तास कळसूबाईच्याही वर, मांडी न हलवता बसायचं!

येत्या सप्टेंबरात पुन्हा जायचं आहे. या वेळी वाटेलगतची जागा आधीच घेतली आहे. तासातासाने उठायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी पीत राहायचं, वाइनला नाही म्हणायचं. औषधं हातातल्या पिशवीत, प्रिस्क्रिप्शनसकट. मोजे कोणते आणि किती घट्ट, हे मात्र दुकानदाराला नाही, डॉक्टरला विचारायचं. मी विचारले आहेत. संमेलनाला ते घेऊन येतो; डॉक्टरीणबाईंनी एकदा डोळ्यांखालून घालावेत.