वर्दी

पाऊण डॉलरचा हिशेब लागत नव्हता. ऑगस्ट १९८६, कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा. तिथल्या संगणकांवर कोणी किती वेळ काम केलं याची नोंद व्हायची आणि त्याप्रमाणे पैसे लावले जायचे. क्लिफर्ड स्टोल मुळात खगोलशास्त्रज्ञ. दुर्बिणीच्या कामाचा निधी संपला म्हणून त्याला संगणक विभागात आणून बसवलं होतं. नव्या माणसाला देतात तसं एक किरकोळ काम त्याच्या गळ्यात पडलं : महिन्याच्या हिशेबात पंच्याहत्तर सेंट कुठे गेले ते बघ. ते गेले होते ‘हंटर’ नावाच्या खात्यावर, आणि त्या खात्याचं बिल कोणाला पाठवायचं याची कुठेच नोंद नव्हती. आत परका माणूस शिरला होता.

तेव्हा लोक टेलिफोनच्या तारेवरून संगणकात शिरत. स्टोलने शनिवार-रविवार गाठून सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर उचलून आणले, बाहेरून येणाऱ्या तारांना एकेक जोडला आणि तिथेच पथारी टाकली. परक्याने दाबलेलं प्रत्येक अक्षर कागदावर उमटू लागलं. कागद वाचला तेव्हा कळलं की बर्कली ही त्याची फक्त पायरी होती. इथे पाय ठेवून तो अमेरिकी लष्कराच्या संगणकांची दारं ढकलून बघत होता.

पुढे स्टोलने जे केलं त्यात मला वर्दी देण्याच्या रीतीची कुळकथा सुरू होताना दिसते. त्याने फोन उचलला. ज्या ज्या संगणकात तो परका शिरला होता, तिथल्या माणसाला त्याने शोधून काढून सांगितलं : तुमच्याकडे चोर आहे, अमुक वाजता आला, अमुक खातं वापरलं. बहुतेकांना पत्ताच नव्हता. सरकारी तपासयंत्रणांनी आधी पाऊण डॉलरचं नुकसान ऐकून मनावर घेतलं नाही. तरी तो फोन करत राहिला. माग व्हर्जिनियातून समुद्रापार जर्मनीत, हॅनोवर शहरापर्यंत गेला. तिथली टेलिफोन यंत्रणा जुनी. माग काढायचा तर चोराला बराच वेळ तारेवर धरून ठेवायला हवं. म्हणून त्याला वाचत बसावंसं वाटेल अशी खोटी लष्करी कागदपत्रं रचून ठेवली गेली. चोर सापडला. मार्कुस हेस हा तरुण सोव्हिएत गुप्तहेरांना माहिती विकणाऱ्या टोळीतला निघाला आणि १९९० मध्ये जर्मन न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं.

‘माग’ हा शब्द मी सहज वापरला, पण त्यामागे आपल्याकडची एक रीत आहे. पेशवाई बुडाल्यावर ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याचं वर्णन येतं. चोरी झाली की जागल्या पावलांचे ठसे धरून शिवेपर्यंत जायचा. माग पुढच्या गावात शिरला की तो तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा, पुढचं काम त्याचं. इंटरनेटवर आज जे चालतं त्याला याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र जाळी, प्रत्येकाची शीव वेगळी, सगळ्यांवर एक फौजदार नाही. माझ्या यंत्रावर हल्ला करणारा आयपी पत्ता ज्याच्या हद्दीतला, त्याला मी वर्दी द्यायची. पुढे हात त्याचा पोचतो, माझा पोचत नाही.

वर्दी मात्र पोचली पाहिजे. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, जाळ्यात सुटला आणि शेकडो विद्यापीठांतले, प्रयोगशाळांतले संगणक आडवे झाले. तो कसा थांबवायचा हे सांगणारा निनावी संदेश त्याच्या एका मित्राने त्याच रात्री पाठवला होता. पण वाटेतली यंत्रं कोलमडलेली, काहींनी घाबरून तारा तोडलेल्या. संदेश लोकांपर्यंत पोचेतो त्याचा उपयोग संपला होता. कोणाला फोन करायचा हेच कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ नावाचं केंद्र उघडलं. वर्दी घ्यायला कायम जागा असलेली ती पहिली चौकी.

एका चौकीने भागेना. मे १९९७ मध्ये डेव्ह क्रॉकर यांनी एक छोटं तांत्रिक टिपण लिहिलं, आरएफसी २१४२. प्रत्येक संस्थेने ठरावीक नावांच्या ईमेल पेट्या ठेवाव्यात असं त्यात आहे, आणि त्यातलं एक नाव ‘अब्यूज’. तुमच्या हद्दीतून कोणी उपद्रव करत असेल तर परक्या माणसाला नाव-गाव न शोधता तुम्हाला लिहिता यावं, एवढाच हेतू. शीव कोणाची हे सांगणाऱ्या वह्या त्याआधीपासून होत्या. आपल्या भागाची वही ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून चालणारी एपनिक सांभाळते. पत्त्यांचा गट कोणाला दिला आणि तक्रार कुठे पाठवायची, दोन्ही तिथे कोणालाही बघता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं. अनोळखी माणसाचं ऐकून घ्यायला दार ठेवावं हे कोणत्याही कायद्याच्या आधी काही अभियंत्यांनी आपसांत ठरवलं.

पण वर्दी देऊनही समोरचा हलला नाही तर? नव्वदच्या दशकात बिनबोलावलेल्या जाहिरातींच्या ईमेलने लोक हैराण झाले आणि त्यातून यादी जन्मली. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस या इंटरनेटच्या वहीचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर बाइंड ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, त्या पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये उपद्रवी पत्ते टिपायला सुरुवात केली. त्यांच्या संस्थेचं लघुनाव होतं एमएपीएस. ही अक्षरं उलटी वाचली की ‘स्पॅम’ होतं. आधी ही यादी थेट राउटरना पुरवली जाई आणि त्या पत्त्यांशी सगळाच व्यवहार तुटे. हे औषध फार जालीम होतं. मग एरिक झीगास्ट यांनी सुचवलं की यादी डीएनएसमध्येच ठेवावी, म्हणजे ज्याला हवं तो फक्त ईमेलपुरती विचारणा करेल.

ही युक्ती जवळून बघण्यासारखी आहे. आपण पाकिटावर घर, गल्ली, गाव, जिल्हा असा लहानाकडून मोठ्याकडे पत्ता लिहितो. डीएनएसमधली नावं तशीच असतात, सर्वांत मोठा विभाग शेवटी. आयपी पत्त्याचं उलट : मोठा गट आधी, एकटं यंत्र शेवटी. म्हणून १९२.०.२.९९ बद्दल विचारायचं असेल तर आकडे फिरवून ९९.२.०.१९२ करायचं, मागे यादीचं नाव जोडायचं आणि डीएनएसला विचारायचं की या नावाचा पत्ता काय. यादीत नसेल तर ‘असं नाव नाही’ असं उत्तर येतं. असेल तर येतं १२७.०.०.२. एकशे सत्तावीसने सुरू होणारे पत्ते यंत्राला स्वतःशी बोलायला राखून ठेवलेले आहेत. ते बाहेर कुठे जात नाहीत, म्हणून खूण म्हणून वापरायला निर्धोक. नवा प्रोटोकॉल नाही, नवं सॉफ्टवेअर नाही; जगभर आधीच पसरलेल्या नावांच्या वहीत एक काळी यादी बसवून टाकली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये सुरू केलेली स्पॅमहाउस याच पद्धतीने वाढली, आणि पत्ता उलटा लिहून विचारण्याची रीत आजही जशीच्या तशी चालू आहे.

यादीकडे ताकद आली तसे वादही आले. स्पॅमहाउसवर ई३६० नावाच्या अमेरिकी कंपनीने दावा लावला आणि २००६ मध्ये शिकागोच्या न्यायालयाने १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठरवली. पाच वर्षं अपिलं चालली आणि शेवटी रक्कम उतरत उतरत तीन डॉलरवर आली. त्याआधी २००३ च्या ऑगस्टमध्ये ओसिरुसॉफ्ट ही यादी हल्ल्यांखाली बंद पडली आणि बंद पडताना प्रत्येक पत्त्याला ‘होय, यादीत आहे’ असं उत्तर देऊ लागली. जे सर्व्हर तिच्यावर विसंबून होते त्यांच्या लेखी सगळं जग गुन्हेगार ठरलं आणि चांगली पत्रंही परत जाऊ लागली. जॉन लेव्हिन यांनी २०१० मध्ये या याद्यांचे नियम आरएफसीत लिहून काढले, त्यात तपासणीची एक सोपी सोय आहे. १२७.०.०.२ हा पत्ता प्रत्येक यादीत मुद्दाम असलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ कधीच नसला पाहिजे. दोन्हींना ‘होय’ उत्तर आलं की समजावं, यादी बिघडली, तिचं ऐकणं थांबवा.

ईमेलपलीकडच्या हल्ल्यांसाठी वर्द्या एकत्र करण्याचं श्रेय योहानेस उलरिक यांना द्यायला हवं. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी डीशील्ड सुरू केलं. कोणीही स्वयंसेवकाने आपल्या फायरवॉलची नोंदवही तिथे पाठवावी. एकट्याच्या वहीत दार वाजवणारा एखादा पत्ता म्हणजे किरकोळ त्रास. शेकडो वह्या शेजारी ठेवल्या की आकृती दिसते. मार्च २००१ मध्ये अचानक सगळ्यांच्या वह्यांत ५३ क्रमांकाच्या पोर्टवर ठकठक वाढली. हे पोर्ट डीएनएसचं. माग काढल्यावर हाती लागला लायन नावाचा किडा.

दुसऱ्या टोकाला, एका यंत्रापुरतं काम करणारं साधन २००४ मध्ये सिरिल जाकिए यांनी लिहिलं : फेलटूबॅन. ते नोंदवही वाचत राहतं, एकाच पत्त्यावरून पासवर्ड वारंवार चुकला की दार लावून घेतं. किती वेळ? आपण काही बदललं नाही तर दहा मिनिटं. नंतर दार आपोआप उघडतं. नवे लोक ही दहा मिनिटं बघून हसतात आणि तिथे कायमची बंदी घालतात. मला ती दहा मिनिटं शहाणपणाची वाटतात, कारण पत्ता म्हणजे माणूस नव्हे.

हे विसरलं की काय होतं याचं उदाहरण २००७ च्या पहिल्याच दिवशी घडलं. एका खोडसाळ वापरकर्त्यामुळे विकिपीडियावर एक आयपी पत्ता संपादनासाठी बंद केला गेला. जवळपास सगळा कतार देश त्या एकाच पत्त्यामागून इंटरनेट वापरत होता. चूक लक्षात आल्यावर बंदी लगेच उठली. आज ही स्थिती घरोघरी आहे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्याच सुमारे ४ अब्ज ३० कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. अशा टंचाईत मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. एकाने उपद्रव केला की यादीत सगळेच जातात.

सांगलीतल्या एका मित्राच्या छापखान्याचा छोटा सर्व्हर मी बघतो. लग्नपत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाला गेलं आणि परत आलं, दुसरं गेलं, तेही परत आलं. “अरे, आमचं काय चुकलं?” त्याचा फोन. काहीच चुकलं नव्हतं. पुरवठादाराने नवा पत्ता दिला होता, आणि त्याआधी तो ज्याच्याकडे होता त्याच्या यंत्रातून महिनोन्महिने कचरा गेला होता. पत्ता यादीतून काढून घ्यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मुहूर्त थांबत नाही. मित्र प्रूफं घेऊन स्वतः स्कूटरवर गेला. यादी चालवणाऱ्याने बाहेर पडायची वाट आत शिरण्याइतकीच सोपी ठेवली पाहिजे, हे मत माझं तेव्हापासून पक्कं आहे.

वर्दी नीट लिहिण्यालाही म्हणूनच महत्त्व आहे. पत्ता, पोर्ट, नोंदीची मूळ ओळ, आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे वेळ. एकच पत्ता सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे असू शकतो. आपली घड्याळं जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. ते न लिहिता नुसतं ‘रात्री सव्वादोन’ कळवलं तर समोरचा साडेपाच तासांच्या फरकाने भलत्याच माणसाच्या दारात जाऊन उभा राहतो. आपल्या देशातली चौकी, सर्ट-इन, जानेवारी २००४ पासून काम करते. तिने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत सायबर घटना सहा तासांत कळवा, नोंदवह्या १८० दिवस ठेवा, याबरोबरच यंत्रांची घड्याळं सरकारी कालसेवेशी जुळवून ठेवा असंही बजावलं आहे. सहा तासांवर पुष्कळ चर्चा झाली, घड्याळाच्या कलमाकडे फार थोड्यांनी पाहिलं.

छापखान्याच्या त्याच सर्व्हरवर गेल्या पावसाळ्यात रात्रभर कोणीतरी दार वाजवत होतं. नोंदवहीत ओळीखाली ओळ, सगळ्यांची सुरुवात एकच, ‘फेल्ड पासवर्ड फॉर’, पुढे कधी रूट, कधी ॲडमिन, कधी टेस्ट. खरा पत्ता इथे देत नाही, २०३.०.११३.४५ समजा, उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला. शीव कोणाची ते वहीत पाहिलं, अब्यूज पेटीला लिहिलं, पाच ओळी जशाच्या तशा चिकटवल्या, आणि वेळेपुढे ‘अधिक ५:३०’ लिहिलं. तीन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. तुम्ही दिलेल्या वेळेवरून ग्राहक सापडला. औषधांचं दुकान आहे, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला कारखान्यातून आलेलाच पासवर्ड होता, तो बदलून दिला, कॅमेरे पुन्हा सुरू आहेत.