कर्ण्याची पेटी आणि घरचा सुतार

दूर उभ्या असलेल्या माणसास हाक मारावयाची झाली म्हणजे मनुष्य दोन्ही तळहात आपोआप तोंडाभोंवतीं धरतो. हातांमुळें आवाजांत नवी शक्ति येत नाहीं. जी आहे ती वाया न जातां हवेंत नीट उतरते व एका दिशेस जाते, इतकेंच. शिंग, तुतारी आणि कर्णा हीं वाद्यें याच युक्तीवर उभीं आहेत; आणि ग्रामोफोनच्या फुलासारख्या तोंडाच्या भोंग्यास मराठींत ‘कर्णा’ हेंच नांव पडलें, तें सर्वस्वी योग्य होतें.

लहानसा पडदा मोकळ्या हवेंत हलूं लागला कीं समोरची हवा नुसती बाजूस सरकते. ती दाबली जात नाहीं. त्याच पडद्यापुढें अरुंद गळ्याची नळी ठेवली तर हवेला सरकावयास जागा उरत नाहीं व पडद्याचा जोर तिला घ्यावाच लागतो. नळी पुढें हळूहळू रुंदावत गेली म्हणजे तो जोर अखंडपणें खोलींतील हवेस मिळतो. ही गोष्ट कारागिरांस शतकानुशतकें अनुभवानें ठाऊक होती. परंतु तिचें गणित अमेरिकेंतील पदार्थविज्ञानवेत्ते आर्थर गॉर्डन वेबस्टर यांनीं १९१४ सालीं मांडलें व तें १९१९ सालीं छापून प्रसिद्ध झालें. पुढें १९२४ सालीं हॅना आणि स्लेपियन यांनीं तें लाऊडस्पीकरच्या कर्ण्यास लावून दाखविलें.

त्यांतून निघालेला नियम सांगावयास सोपा आहे. ठराविक अंतरागणिक नळीचें क्षेत्रफळ दुप्पट व्हावें. आणि जितका खालचा स्वर हवा तितकें हें अंतर मोठें असावें. शिवाय कर्ण्याच्या तोंडाचा घेर त्या खालच्या स्वराच्या लहरीएवढा असावा. नियम सोपा खरा, पण त्याचें मोल फार जबर आहे. सेकंदास ५० कंपनांचा स्वर घेतला तर त्याची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते. क्षेत्रफळ दर ३८ सेंटिमीटरांस दुप्पट करावें लागतें आणि तोंडाचा व्यास २ मीटरांहून अधिक होतो. असा कर्णा दिवाणखान्यांत ठेवावयाचा म्हटल्यास माणसांनीं बसावयाचें कोठें?

हा नियम धरून एक कर्णा बांधलाहि गेला. लंडनच्या सायन्स म्युझियममध्यें आर. पी. जी. डेनमन यांनीं उभा केलेला हा कर्णा २७ फूट लांब होता व त्याचें चौकोनी तोंड बाजूस ७ फूट १ इंच भरे. सेकंदास ३२ कंपनांपर्यंतच्या स्वरांसाठीं त्याची आंखणी केलेली होती. १९३० नंतरच्या दशकांत रेडिओचे कार्यक्रम त्यावर ऐकावयास लोक तेथें येत. १९४९ सालीं इमारतीच्या पाडकामांत तो मोडला व त्याचा थोडाच भाग शिल्लक राहिला. २०१४ सालीं तो पुन्हां बांधून ऐकविण्यांत आला. परंतु संग्रहालयास जें शक्य, तें गृहस्थास शक्य नव्हतें.

तितक्यांत १९२५ सालीं राइस आणि केलॉग यांनीं कागदी शंकूचा लाऊडस्पीकर पुढें आणला. तो बसवावयास साधी फळी किंवा पेटी पुरे होई. त्याला मिळालेल्या विजेपैकीं शेंकडा एखाद दुसराच भाग ध्वनि होऊन बाहेर पडे, आणि चांगला कर्णा याच्या कितीतरी पट काम करून देई. तथापि ध्वनिवर्धकांची शक्ति वाढत गेली तसा हा अपव्यय कोणास जाणवेनासा झाला. घरांतून कर्णा हद्दपार होणार अशीं चिन्हें दिसूं लागलीं.

अशा वेळीं इंग्लंडांत पॉल व्हॉइट यांनीं त्याची बाजू सोडली नाहीं. १९०१ सालीं जन्मलेले हे अभियंते १९२२ पासून एडिसन बेल या कंपनींत होते. एका सरळ रेषेनें चालणाऱ्या माणसानें बाजूस पडलेला दगड ठराविक लांबीच्या दोरीनें ओढला असतां दगड जी वांकडी रेघ उमटवितो, तिला ट्रॅक्ट्रिक्स म्हणतात. कर्ण्याची कड या रेघेप्रमाणें असावी असें व्हॉइट यांनीं ठरविलें. १९३४ सालीं त्यांनीं घरगुती कोपऱ्याचा कर्णा बाजारांत आणला. यांतील मर्म ‘कोपरा’ या शब्दांत आहे. दोन भिंती व जमीन जेथें मिळतात तेथें ध्वनीस पसरावयास मोकळ्या आकाशाचा आठवाच भाग उरतो. म्हणून तोंडहि आठव्या हिश्शाचें चालतें. ज्या भिंती अडचण वाटत होत्या, त्याच कर्ण्याचा शेवटचा भाग झाल्या.

व्हॉइट यांचा दुसरा आग्रह असा, कीं मंद्रापासून तारापर्यंत सर्व स्वर एकाच स्पीकरनें द्यावे. मोठा शंकू उंच स्वरांस जड पडतो, म्हणून त्यांनीं मध्यभागीं दुसरा लहान शंकू जोडला. स्वरांची वांटणी दोन स्पीकरांत केली म्हणजे जोडाच्या ठिकाणीं गाणाऱ्याचा आवाज दुभंगण्याचा संभव असतो. एकाच शंकूंत ती भीति नाहीं. पुढें अमेरिकेंत ओल्सन आणि मासा यांनीं १९३६ सालीं शंकूच्या दोन्ही अंगांस काम दिलें: समोर आंखूड कर्णा, मागें घड्या घातलेला लांब कर्णा. शंकू व मागचा गळा यांमधील लहानशी पोकळी उंच स्वर अडविते आणि खालचे तेवढे पुढें सोडते.

घडी घातलेला कर्णा म्हणजे सरळ फळ्यांची पेटी. आणि येथेंच घरच्या सुताराचा प्रवेश झाला. कारखान्यास अशी पेटी परवडत नाहीं. तींत फळ्या पुष्कळ, सांधे पुष्कळ, वजन फार, आणि मजुरी तर त्याहून अधिक. परंतु जो स्वतःसाठीं करवत हातीं घेतो, तो मजुरीचा हिशेब मांडीत नाहीं. जपानांत तेत्सुओ नागाओका यांनीं अशा हौशी लोकांसाठीं पुष्कळ आराखडे प्रसिद्ध केले. पेटीची रुंदी सर्वत्र सारखी ठेवावयाची व वळणागणिक फक्त उंची वाढवावयाची, ही त्यांची रीत होती. त्यामुळें वक्र कड कापण्याचें संकटच टळलें आणि प्लायवूडचे सरळ तुकडे सरसानें जोडले कीं काम होऊं लागलें.

या पेट्या निर्दोष आहेत असें मात्र नव्हे. मागचा मार्ग अडीच मीटर असला तर खालचा स्वर समोरच्या स्वरामागून सुमारें ७ सहस्रांश सेकंदांनीं बाहेर येतो. कांहीं स्वर त्यामुळें फुगतात, कांहीं दबतात. सांध्यांत फट राहिली तर जोर तेथूनच निसटतो. फळी पातळ असली तर तीच गाऊं लागते. तोंड गणितापेक्षां लहान ठेवलें तर त्याची शिक्षा मंद्र स्वरांत भोगावी लागते.

तरीहि थोड्या विजेंत भरघोस आवाज देणारी ही विद्या टिकली, हें विशेष. व्हॉइट १९५० सालीं कॅनडास गेले, त्यांच्या स्पीकरचें काम लोथर कंपनीनें चालविलें, आणि मोठ्या कारखान्यांनीं बहुतांशीं दुसरी वाट धरली. २७ फुटी कर्णा एका पाडकामांत गेला. पण त्यामागील नियम घरोघरच्या करवतींनीं जतन केला. ज्याचा बाजारभाव उतरला, त्याचें मोल ठरविण्याचा अधिकार अखेर तें स्वतः घडविणारांच्या हातीं राहिला.