छातीला कान लावण्याची गोष्ट

'काळजात धस्स झालं' असं आपण म्हणतो. अहिराणीत त्यालाच कायीज म्हणतो. त्या काळजाचा आवाज डॉक्टर नळीने ऐकू लागले, त्याला कारण ठरली एका बाईची लाज. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांकडे एक तरुण बाई आली. तेव्हा डॉक्टर छातीला थेट कान लावून तपासत. बाईच्या छातीला कान कसा लावायचा? लेनेक यांनी कागदाची सुरळी करून तिचं एक टोक छातीवर टेकवलं, दुसरं आपल्या कानाला. आवाज आधीपेक्षा स्वच्छ आला. आज डॉक्टरच्या गळ्यात दिसते ती नळी तिथून निघाली.

नळीतून ऐकू येतो तो झडपा मिटण्याचा आवाज. हृदय मुठीएवढं असतं. त्यात चार कप्पे, दोन वर, दोन खाली. उजवी बाजू रक्त फुप्फुसाकडे पाठवते, डावी बाजू तिथून आलेलं ताजं रक्त अंगभर. मध्ये झडपा असतात. विहिरीतल्या मोटारीचा फुटव्हॉल्व आठवा. पाणी वर जाऊ देतो, मागे फिरू देत नाही. तसंच हे. फुटव्हॉल्व अडकला की मोटार नुसती घरघरते, तसं हृदयाचंही होतं.

झडप अडकते कशाने? बरेचदा लहानपणच्या घसादुखीने. पाच ते पंधरा वर्षांच्या पोराला घसा येतो, मग ताप, गुडघे-घोटे सुजतात. आपण म्हणतो, वाढीचं दुखणं आहे. सूज उतरते, पण आतल्या झडपेला इजा होऊन बसते. पुढे ती जाड होते, कडा चिकटतात. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप अशी आकसली की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं आणि धाप लागते.

ही झडप उघडायचा धाडसी प्रयत्न लंडनला 1925 साली हेन्री सुटार यांनी केला. एका मुलीचं हृदय चालू असतानाच त्यांनी आत बोट घालून झडप मोकळी केली. मुलगी वाचली, काही वर्षं जगली. तरी इतर डॉक्टरांनी सुटार यांच्याकडे असा दुसरा रुग्ण पाठवला नाही! 1948 मध्ये अमेरिकेत हे काम पुन्हा सुरू झालं. आपल्याकडे 1950 नंतर वेल्लोरला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते होऊ लागलं. केईएमचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी पुढे 1968 च्या फेब्रुवारीत भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. पेपरात गाजलं ते रोपण, पण माझ्या मते गरिबाच्या जास्त कामी आलं ते झडपेचं साधं ऑपरेशन. आता तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडतात. ती युक्ती जपानच्या इनोये यांची, 1982 ची.

आता आपली गोष्ट. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. आकसलेल्या झडपेतून ते निघत नाही. म्हणून कित्येक बायांचा हा आजार पहिल्या बाळंतपणातच उघडा पडतो. चार पायऱ्या चढून दम लागतो, आडवं झालं की गुदमरतं, रात्री उठून बसावं लागतं. घरात म्हणतात, अशक्तपणा आहे, पोटुशी बाई दमणारच. रक्तवाढीच्या गोळ्यांनी ती झडप उघडत नाही. तपासणीला गेल्यावर सांगा, 'छातीला नळी लावून बघा.' लाजू नका, ती नळी आपल्या लाजेपायीच निघाली आहे.

पोराचे सांधे सुजले तर त्यालाही दाखवा. हा ताप ठरला तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, म्हणजे तो उलटत नाही. बरं वाटलं म्हणून ते मधेच सोडू नका. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची ऑपरेशनं बसतात. 2012 मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळे होतं. पुढच्या वर्षी जळगावही आलं. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवा.