पाळणा आणि पडदा

कोणी जन्मावे आणि कोणी नाही हे ठरवू पाहणाऱ्या सुप्रजाजननशास्त्राने चित्रपटाचा आश्रय लवकरच घेतला. १९१७ च्या अमेरिकन ‘द ब्लॅक स्टॉर्क’मध्ये व्यंग असलेल्या अर्भकाला मरू देणे हेच शहाणपण ठरविले होते. १९३७ साली जर्मनीत नाझी सरकारने मनोरुग्णांना समाजावरील भार ठरविणारा बोलपट चित्रगृहांतून दाखविला.

आपल्याकडे वंशशुद्धीचे असे पट निघाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन निघाले. त्याचे अनुबोधपट मुख्य खेळाआधी दाखविणे चित्रगृहांना बंधनकारक होते. कुटुंबनियोजनाच्या प्रचारात लहान कुटुंब सुखी आणि मोठे दरिद्री असे. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. त्याचा कायदा झाला नाही, एवढेच.

नागपूरच्या गिरणी कामगारांत वावरलेला माणूस म्हणून सांगतो: दारिद्र्याचे कारण मजुराच्या पाळण्यात दाखविले, की त्याच्या पगाराचा हिशेब कोणी मागत नाही.