माशाची पार्श्वरेषा आणि धन्य निकोलस स्टेनो

सुरमई निरखून पाहिली, तर कल्ल्यापासून शेपटीकडे जाणारी एक बारीक रेषा वाटेत एकाएकी खाली वळलेली दिसते. जिताड्याची अशीच रेषा शेपटीच्या परावरही उतरते. लेपाच्या डोळ्यांकडील बाजूस दोन किंवा तीन रेषा असतात. तारलीच्या अंगावर मात्र ती नसतेच. तिच्या नलिका डोक्यातच फांद्यांप्रमाणे पसरलेल्या असतात. या रेषेला शास्त्रज्ञ 'पार्श्वरेषा' म्हणतात. तिचे मर्म उलगडण्यास दोन शतकांचा काळ लागला, आणि त्या इतिहासाच्या आरंभी एक भावी बिशप उभा आहे.

नील्स स्टेन्सन ऊर्फ निकोलस स्टेनो यांचा जन्म १६३८ साली कोपनहेगन येथे लुथरपंथीय कुटुंबात झाला. शरीरशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी तरुणपणीच युरोपभर कीर्ती मिळवली. १६६४ साली त्यांनी पाकट माशाच्या त्वचेतील छिद्रांचे व नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. १६६६ साली लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका प्रचंड मुशीचे डोके फ्लॉरेन्सला त्यांच्याकडे विच्छेदनासाठी आले, तेव्हा तिच्या कातडीतही त्यांना तशीच छिद्रे आढळली. दाबताच त्यांतून बुळबुळीत द्रव पाझरे. यावरून या नलिका माशाचे अंग निसरडे ठेवणारा चिकट द्रव तयार करतात, असा त्यांनी तर्क केला. दिसत होते ते त्यांनी अचूक टिपले; पण अर्थ चुकला.

हा समज दीर्घकाळ टिकला. १८५० साली फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाने हाडांच्या माशांच्या नलिकांत मज्जातंतूंशी जोडलेली संवेदनेंद्रिये शोधून काढली. त्यानंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले, की येथील पेशींना सूक्ष्म केस असतात व ते जिलेटिनसारख्या टोपीत रुतलेले असतात. पाणी हलले की टोपी कलते, केस वाकतात आणि मेंदूला वार्ता पोहोचते. मासा जणू दुरूनच स्पर्श करतो!

मग माशामाशांत एवढा भेद का? काही इंद्रिये त्वचेवर उघडी असतात. ती मंद प्रवाहही टिपतात. वाहत्या पाण्यात मात्र ती प्रवाहाच्याच गोंगाटात बुडून जातात. तेथे नलिकेतील झाकलेली इंद्रिये उपयोगी पडतात, कारण संथ प्रवाहाने ती फारशी विचलित होत नाहीत व भक्ष्याची अकस्मात हालचाल ओळखतात. मेक्सिकोच्या काळोख्या गुहांतील आंधळ्या माशाच्या अंगावर त्याच्या डोळस भाईबंदांपेक्षा अशी उघडी इंद्रिये अधिक व मोठी असतात. दृष्टी गेली, पण वाट बंद झाली नाही.

स्टेनो यांनी १६६७ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १६७५ साली ते धर्मगुरू व १६७७ साली बिशप झाले. उत्तर युरोपातील विखुरलेल्या श्रद्धावंतांची सेवा करीत, अत्यंत गरिबीत, १६८६ साली श्वेरिन येथे त्यांनी देह ठेवला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना 'धन्य' घोषित केले.

त्यांच्या तर्कातील चूक पुढच्यांनी दुरुस्त केली, म्हणून त्यांचे मोठेपण उणावत नाही, की श्रद्धेलाही धक्का पोहोचत नाही. पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदवून ठेवणे, ही सत्याची सेवाच होय. उरलेले सत्य देव यथाकाल दुसऱ्या हातांकरवी उलगडतो. आपल्या मुलांना विज्ञान शिकताना श्रद्धेची भीती वाटू नये, आणि श्रद्धा जपताना विज्ञानाची. पुढच्या वेळी सुरमई साफ करताना ती वळलेली रेषा त्यांना अवश्य दाखवावी.