बोलीशुल्क लिलाव

बोलीशुल्क लिलाव किंवा पेनी लिलाव हा इंटरनेटवर चालणारा लिलावाचा एक प्रकार आहे. यात प्रत्येक बोली लावण्यासाठी सहभागी व्यक्तीला परत न मिळणारे शुल्क भरावे लागते. महागडी वस्तू नाममात्र किमतीत मिळण्याचे आकर्षण हे त्याच्या प्रसाराचे मुख्य कारण होय. मात्र ही स्वस्त खरेदी आहे की जुगार, याविषयी अर्थशास्त्रज्ञ व ग्राहक संरक्षण यंत्रणा यांच्यात बरीच चर्चा झाली आहे.

स्वरूप

लिलाव हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. बाजार समितीतील शेतमालाचा असो वा जप्त मालमत्तेचा, रूढ लिलावात हरणारा बोलीदार रिकाम्या हाताने परततो. पण त्याचे पैसे त्याच्याकडेच राहतात. बोलीशुल्क लिलावात नेमका हाच नियम बदलतो.

सहभागी व्यक्ती आधी बोलींचा संच विकत घेते. लिलाव शून्यापासून किंवा अत्यल्प किमतीपासून सुरू होतो. प्रत्येक बोलीने वस्तूची किंमत ठरावीक रकमेने, बहुधा एका सेंटने किंवा पेनीने वाढते आणि घड्याळातील उरलेला वेळ काही सेकंदांनी लांबतो. घड्याळ शून्यावर येईपर्यंत नवी बोली आली नाही, तर शेवटचा बोलीदार जिंकतो. त्याला अंतिम किंमत वेगळी भरावी लागते.

उदाहरणार्थ, एका बोलीचे शुल्क ६० सेंट आणि किंमतवाढ १ सेंट असल्यास १,००० डॉलरची वस्तू ४० डॉलरला विकली जाणे म्हणजे ४,००० बोली लागणे होय. विक्रेत्याला शुल्कापोटी २,४०० डॉलर व किमतीपोटी ४० डॉलर, असे एकूण २,४४० डॉलर मिळतात. विजेत्याने ३०० बोली लावल्या असतील, तर त्याचा खर्च २२० डॉलर होतो, म्हणजे सौदा खरोखरच स्वस्त पडतो. उरलेले २,२२० डॉलर मात्र ज्यांना काहीही मिळाले नाही त्यांच्या खिशातून गेलेले असतात. विजेत्याने स्वतःच १,७०० बोली लावल्या असतील, तर जिंकूनही त्याला वस्तू १,०६० डॉलरला, म्हणजे दुकानापेक्षा महाग पडते. जाहिरातीत फक्त ४० डॉलरचा आकडा दिसतो.

इतिहास

या प्रकारातील सर्वांत गाजलेले संकेतस्थळ स्वूपो हे होय. ते २००५ मध्ये जर्मनीत टेलिबिड या नावाने सुरू झाले आणि पुढे अमेरिका व ब्रिटनमध्येही पोहोचले. २०११ मध्ये त्याच्या मालक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोपर्यंत क्विबिड्स, डीलडॅश यांसारखी संकेतस्थळे सुरू झाली होती. हरलेल्या बोलीदाराने तीच वस्तू पूर्ण किमतीला घेतल्यास त्याचे बोलीशुल्क किमतीतून वजा करण्याची सोय काही संकेतस्थळांनी दिली. त्यामुळे नुकसान कमी होते. पण ज्या स्वस्ताईसाठी ग्राहक आला, ती उरत नाही.

अर्थशास्त्रीय विश्लेषण

या लिलावाचे मूळ मार्टिन शुबिक यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या ‘डॉलर लिलाव’ या खेळात दिसते. त्यात एका डॉलरच्या नोटेसाठी बोली लागते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदारालाही आपली रक्कम भरावी लागते. त्यामुळे माघार घेणे दोघांनाही जड जाते व बोली डॉलरच्या पुढे जाऊ शकते.

नेड ऑगेनब्लिक यांनी १,६६,००० पेनी लिलावांच्या माहितीचा अभ्यास केला. बोलीदार तर्कशुद्ध वागल्यास प्रत्येक बोलीतून अपेक्षित नफा शून्य असावा, असे सिद्धान्त सांगतो. प्रत्यक्षात विक्रेत्यांच्या नफ्याचे सरासरी प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक आढळले. गेलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून आणखी पैसा घालण्याची वृत्ती, म्हणजेच बुडीत खर्चाचा भ्रम, हे त्याचे कारण त्यांनी दिले. अनुभवाने बोलीदार शिकतात, पण हळूहळू. ब्रेनन प्लॅट, जोसेफ प्राइस व हेन्री टॅपेन यांनी २०१३ मध्ये वेगळे स्पष्टीकरण मांडले. जोखमीची थोडीशी आवड गृहीत धरली, तर बोलीदारांचे वर्तन बऱ्याच अंशी उलगडते. म्हणून हा जुगाराचा सौम्य प्रकार ठरतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

जुगार की खरेदी

अमेरिकी कायद्यात लॉटरी ठरण्यासाठी साधारणतः तीन घटक लागतात: भरलेला मोबदला, बक्षीस आणि नशीब. पहिले दोन येथे उघड आहेत. वाद तिसऱ्याचा आहे. बोली केव्हा लावावी व केव्हा थांबावे हे कौशल्य आहे, असे संकेतस्थळे सांगतात. परंतु त्याच क्षणी इतर किती जण बोली लावण्याच्या बेतात आहेत, हे बोलीदाराला कळत नाही. कौशल्याने तोटा आटोक्यात राहू शकतो, विजयाची खात्री मिळत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांना सावध करताना या लिलावांची तुलना लॉटरीशी केली आहे.

कौशल्य आणि नशीब यांतील हा भेद भारतीय कायद्यालाही परिचित आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात म्हटले होते. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेद बाजूला ठेवला.

याखेरीज खोट्या बोलींचा प्रश्न आहे. संकेतस्थळानेच संगणकीय प्रणालीद्वारे बोली लावल्यास किंमत वाढत राहते आणि खऱ्या ग्राहकाची जिंकण्याची शक्यता नाहीशी होते. असा प्रकार जुगारातही मोडत नाही. ती सरळ फसवणूक ठरते.