मिठाला जागलेली माणसे



मागच्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत माझ्या बाकावरच्या जोडीदाराने मला एक प्रश्न विचारला होता. हा मित्र शाळेनंतर सैन्यात भरती झाला आणि सुभेदार होऊन गावी परतला. हातात जिलेबीचे ताट, समोर मी. वाढता वाढता तो म्हणाला, "काय रे, पासपोर्ट तर परत केलास. मग आता झेंडावंदनाला सलाम कुठल्या झेंड्याला ठोकतोस?" सगळी पंगत हसली. मीही हसलो आणि जिलेबी खाऊन विषय संपवला. पण तो माझ्यापुरता संपला नव्हता. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले, की त्या प्रश्नाचे उत्तर लेखीच द्यावे.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. १९७१ च्या लढाईत ते होते. देशप्रेम हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते एवढेच म्हणत, "खाल्ल्या मिठाला जागायचं." २००९ साली मी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले तेव्हा भीत भीत त्यांना फोन केला. त्यांनी विचारले, "शपथेत काय म्हणवून घेतलं?" मी सांगितले: जुनी निष्ठा सोडायची, इथल्या राज्यघटनेचे रक्षण करायचे, कायद्याने मागितले तर शस्त्र हाती घ्यायचे. थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आले नाही. मग म्हणाले, "शपथ घेतली ना? मग पाळ."

खरे सांगायचे तर त्या दिवशी मी ती शपथ फारशा गांभीर्याने घेतली नव्हती. नोकरीतले व्हिसाचे झंझट संपावे, विमानतळावरची रांग लहान व्हावी, एवढाच माझा हिशेब होता. तो हिशेब किती उथळ होता हे मला एका जुन्या माणसाच्या गोष्टीने कळले. तीच गोष्ट आज सांगतो.

मी राहतो त्या टकोमा शहराजवळ मोठी लष्करी छावणी आहे. कामावर जाताना महामार्गावरून रोज तिच्या पाट्या दिसतात. पहिल्या महायुद्धात तिचे नाव कॅम्प लुईस होते. १९१८ च्या जुलैमध्ये भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी तरुण अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला आणि या छावणीत आला. अमृतसर जिल्ह्यातला हा माणूस १९१३ मध्ये शिकायला म्हणून अमेरिकेत आला होता आणि पोटासाठी ऑरेगन राज्यातल्या लाकडाच्या गिरणीत राबला होता. अमेरिकेच्या गणवेशावर पगडी बांधणारा पहिला शीख सैनिक म्हणून आज त्यांचे नाव घेतात. ८ नोव्हेंबरला त्यांना हंगामी सार्जंट केले गेले आणि तीनच दिवसांनी युद्ध संपले. प्रत्यक्ष रणांगण त्यांनी पाहिले नाही, पण सन्मानाने सेवामुक्त करताना त्यांच्या कागदावर वर्तणूक 'उत्कृष्ट' असा शेरा होता.

९ डिसेंबर १९१८ रोजी, अंगावर गणवेश असतानाच, त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. चार दिवसांनी ते काढून घेण्यात आले. कारण १७९० पासूनचा कायदा. त्या कायद्याप्रमाणे परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसालाच नागरिक होता येत असे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून आलेल्यांना जागा नव्हतीच.

थिंड यांनी १९१९ मध्ये शेजारच्या ऑरेगन राज्यात पुन्हा अर्ज केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या जिल्ह्यात जालियनवाला बाग घडली होती, हे लक्षात घ्या. सरकारी अधिकाऱ्याने हरकत घेतली, की या माणसाचे गदर चळवळीच्या लोकांशी संबंध आहेत. इथे थिंड यांनी जे केले ते मला सगळ्यात मोठे वाटते. त्यांनी काही लपवले नाही. हिंदुस्थान हिंदी लोकांचा असावा, तिथली ब्रिटिश सत्ता जावी असे आपल्याला वाटते, मात्र सशस्त्र बंडाला आपला पाठिंबा नाही, हे त्यांनी न्यायालयात कबूल केले. नव्या देशाच्या दारात उभे राहून त्यांनी जुन्या देशाचे प्रेम नाकारले नाही. न्यायाधीश वुल्व्हर्टन यांना त्यात वावगे दिसले नाही, आणि १९२० च्या नोव्हेंबरमध्ये थिंड दुसऱ्यांदा नागरिक झाले.

सरकार वरच्या न्यायालयात गेले आणि खटला थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. थिंड यांची बाजू मांडणाऱ्या वकिलाचे नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो. सखाराम गणेश पंडित! जन्म अहमदाबादचा, पण नाव कसे आपल्या गल्लीतले वाटते. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले होते आणि पुढे त्यांनी कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवली होती.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. एकमताने, थिंड यांच्या विरुद्ध. तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळताना याच न्यायालयाने म्हटले होते, की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंड यांच्या वेळी न्यायालय म्हणाले, की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते महत्त्वाचे नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले. ते स्वतः लहानपणी इंग्लंडमधून आलेले स्थलांतरित होते.

इथे एक गोष्ट लपवता कामा नये. थिंड यांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला त्यात आपण उच्च जातीचे, शुद्ध आर्य, म्हणून गोऱ्यांत मोडतो, असा दावा होता. जातिभेदाचा आधार घेऊन वर्णभेदातून सुटण्याचा हा प्रयत्न मला आवडत नाही. थिंड अमेरिकेत आले त्याच १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, आणि १९१६ मध्ये त्यांनी तिथे जातिसंस्थेवर निबंध वाचला. एकाच देशात एक माणूस जातीचा दाखला देऊन आत जाऊ पाहत होता आणि दुसरा जातीचे मूळ शोधत होता.

बाबासाहेब आपल्या साताऱ्याच्या शाळेत १९०० मध्ये दाखल झाले, ते सैन्यातून निवृत्त झालेल्या सुभेदाराचे चिरंजीव म्हणून. ज्या महार सैनिकांनी कंपनी सरकारपासून पलटणी गाजवल्या, त्यांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. मिठाला जागणारे जागले. मीठ देणारा विसरला. साताऱ्यातले असोत की टकोमातले, सैनिकांच्या बाबतीत हे अनेकदा घडले आहे.

निकालानंतर अमेरिकन सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची कागदपत्रे रद्द करायला सुरुवात केली. पन्नासहून जास्त जणांचे नागरिकत्व गेले. कॅलिफोर्नियात नागरिक होण्यास अपात्र माणसाला शेतजमीन धरता येत नव्हती, त्यामुळे पंजाबी शेतकऱ्यांच्या जमिनीही धोक्यात आल्या. पेशावरचे वैष्णोदास बगाई बायको आणि तीन मुलांसह १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले होते, दुकान थाटून होते, १९२१ पासून नागरिक होते. नागरिकत्व गेल्यावर हिंदुस्थानात जायला पासपोर्ट मागितला, तर ब्रिटिश प्रजा म्हणून घ्या असे उत्तर मिळाले. ज्या सत्तेला सोडून आलो तिचाच कागद पुन्हा कसा घ्यायचा? १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी कला बगाई यांनी मुले वाढवली, आणि पुढे कायदा बदलल्यावर त्या याच देशाच्या नागरिक झाल्या. बर्कली शहरात आज एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

सरकारने सखाराम पंडितांवरही खटला भरला. इथे मात्र गाठ वकिलाशी होती. त्यांनी वंशाचा वाद बाजूला ठेवला आणि साधा मुद्दा मांडला: १९१४ मध्ये सरकारला माझ्या अर्जाची सूचना होती, तेव्हा तुम्ही अपील केले नाही. त्या निकालावर विसंबून मी सनद घेतली, मालमत्ता केली, लग्न केले. त्यांच्या पत्नी जन्माने अमेरिकन होत्या, आणि त्या काळच्या कायद्याने अपात्र परकीयाशी विवाह केलेल्या स्त्रीचेही नागरिकत्व जात असे. म्हणजे एका सहीने नवरा-बायको दोघेही बेवतन! १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्यानंतर इतर हिंदी लोकांवरचे प्रलंबित खटलेही सरकारने सोडून दिले. एका माणसाने देशाला त्याच्याच शब्दाची आठवण करून दिली आणि इतर अनेकांची घरे वाचली.

आणि थिंड? ते देश सोडून गेले नाहीत. गावोगाव फिरून त्यांनी अध्यात्मावर व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली. १९३५ मध्ये एक कायदा झाला, की महायुद्धात सेवा केलेल्या आशियाई सैनिकांना नागरिक होता येईल. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने त्याला पाठिंबा दिला होता. ज्यांनी खांद्याला खांदा लावून कवायत केली, त्यांनाच त्या सेवेची किंमत कळली. १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थिंड तिसऱ्यांदा नागरिक झाले. पहिल्या शपथेपासून अठरा वर्षे लोटली होती. या वेळचे नागरिकत्व मात्र १९६७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत टिकले.

१९४६ च्या कायद्याने सर्वच हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण वर्षाला फक्त शंभर जणांना येण्याची मुभा होती. १९६५ मध्ये देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि आमच्यासारख्यांचा रस्ता खुला झाला. मला २००९ मध्ये जे नागरिकत्व वीस मिनिटांच्या समारंभात मिळाले, त्याची किंमत आधीच कुणीतरी चुकवून ठेवली होती. मी मात्र ते विमानतळावरच्या रांगेसाठी घेतले होते. हे वाचले त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली. तेव्हापासून मतदान चुकवत नाही, पंच म्हणून न्यायालयाने बोलावले तर सबबी सांगत नाही, आणि दर ११ नोव्हेंबरला माजी सैनिकांच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत का होईना, जाऊन उभा राहतो.

शाळेत असताना सरांनी आपल्याला अपशिंग्याला नेले होते, आठवते? पहिल्या महायुद्धात त्या एका गावातल्या ४६ जणांनी प्राण दिले, म्हणून इंग्रजांनी तिथे स्मृतिशिला बसवली. आपण दगडाभोवती दंगा करत होतो. सर म्हणाले होते, "नुसता आकडा पाठ करू नका. त्यांना काय मिळालं तेही विचारा." पोरांनो म्हणून ओरडले नाहीत, हळू आवाजातच म्हणाले. तो प्रश्न मला चाळीस वर्षांनी टकोमात भेटला. सर, तुमचे ऋण या लेखात आहे.

आता सुभेदारसाहेब, तुमच्या प्रश्नाकडे येतो. मी शपथ घेतली आहे ती पाळतो, कारण ते वडिलांचे सांगणे आहे, आणि वडिलांना ते तुमच्या सैन्याने शिकवले. ज्या मातीने मला वाढवले तिचे प्रेम सोडायला कुठल्या शपथेने सांगितलेले नाही. थिंड यांना एका न्यायालयात दोन्ही गोष्टी खऱ्या सांगता आल्या, तर मला पंगतीत सांगायला हरकत नव्हती. तेव्हा जमले नाही, जिलेबी तोंडात होती.

या वेळी मेळाव्याची सुरुवात झेंडावंदनाने आहे. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. सलामाचा हात कसा धरायचा ते मात्र पुन्हा एकदा दाखव. वडील दर पंधरा ऑगस्टला शिकवायचे, आणि दरवेळी माझा अंगठा चुकायचा.